बोलणं कधीपासून जड झालं?

धाकट्या भावाचा हात थरथरतोय, हे मी सोमवारीच पाहिलं होतं. नवागामच्या एका कापड कारखान्यात आम्ही शेजारी-शेजारी लूम चालवायचो. त्या खटखटाटात कुणी बोलत नाही. बोटांच्या खुणांवर बारा तास निघतात. तुटलेला धागा त्याला सांधता येईना. मी अंगठा तोंडाकडे नेला आणि शिवाय ओरडलोही, "पिसन उना का रे?" बाकीचे कारागीर हसले. तोही हसला. पूर्वी तो चोरून प्यायचा, म्हणून मला दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी त्याची बायको दाराआडून, पदर पुढे ओढून, माझ्या बायकोला म्हणाली, "ताप आहे. बोलणंही जड झालंय." माझ्याशी, थोरल्या दिराशी, ती कधी थेट बोलत नसे, पण हे माझ्यासाठीच होतं. मी म्हणालो, "झोपू दे. उतरेल."

मंगळवारी, बुधवारी तो घरीच पडून होता. मी कामावर गेलो.

गुरुवारी सकाळी त्याला फिटचा झटका आला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "बोलणं कधीपासून जड झालं?"

"आज सकाळपासून," मी म्हणालो. इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं. त्याची बायको माझ्यामागे उभी होती.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. मेंदूच्या अगदी मध्यभागी, दोन्ही बाजूंना, पांढरट डाग होते.

"हा थॅलॅमस. दोन्हीकडे असं दिसलं की डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची शंका येते. पक्कं कळायला पाठीतलं पाणी तपासावं लागेल." मग ते माझ्याकडे वळले. "पण एका सकाळीत एवढं सहसा दिसत नाही. आजाराचा दिवस चुकीचा धरला तर तपासणीचा अर्थही चुकेल. भाई, साची वात करो. खरं सांगा."

मी पडद्यावरच्या डागांकडे पाहत राहिलो.

"सोमवारपासून," मागून आवाज आला. पदर तसाच होता, पण आवाज थेट डॉक्टरांकडे गेला. "यांना सांगितलं होतं मी."

तपासणीत मेंदूज्वरच निघाला. आधी आणलं असतं तर, असं मी पुढे एकदा डॉक्टरांना विचारलं. "यावर नेमकं औषध नाही," ते म्हणाले. "पण झटका घरी आला नसता." आणखी काय वाचलं असतं, ते त्यांनाही सांगता येईना.

भाऊ जगला. उजवा हात आखडलाय. शब्द शोधत बोलतो. त्या चार दिवसांतलं त्याला काही आठवत नाही. गावाकडून कुणी भेटायला आलं की सांगतो, "दादाने वेळेवर नेलं, म्हणून वाचलो."

त्याची बायको तेव्हा उठून आत जाते. मी मान खाली घालून ऐकून घेतो. अजून एकदाही त्याला अडवलेलं नाही.