अर्थसंकल्पानंतरचा रविवार

राज्याचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला जात होता त्या दुपारी माझी बायको वारली. ती टीव्हीसमोर बसून भाषण ऐकत होती. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. कप घेऊन बाहेर आलो तेव्हा ती खुर्चीत होती आणि हाकेला ओ देत नव्हती. तेलगावहून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि टीव्ही बंद करायला सांगितलं.

ती बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायची. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालयाला राज्य सरकारचं अनुदान असतं आणि ते कधी येईल याचा नेम नसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये ते आलं नाही, तेव्हा मी सरकारला नावं ठेवत बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, नावं खुशाल ठेवा, पण आधी अर्थसंकल्प वाचून तरी बघा." त्यातून तो रविवार सुरू झाला. अर्थसंकल्प मांडला की पुढच्या रविवारी सकाळी ती वाचनालयाच्या मोठ्या खोलीत उभी राहायची आणि येईल त्याला तो समजावून सांगायची. रुपया कुठून येणार, कुठं जाणार, असं फोडी केलेल्या रुपयाचं चित्र वर्तमानपत्रात येतं. ते ती फळ्यावर काढायची.

निवृत्त शिक्षक यायचे, अंगणवाडीच्या मदतनीस यायच्या, कारखान्याचा हंगाम संपून परतलेली ऊसतोडीची माणसं यायची. मदतनीस बायकांचा प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, आमचं मानधन त्याच्यात हाय का न्हाई?"

"तरतूद आहे. म्हणजे लिहिलेलं आहे. हातात पडेल तेव्हा मिळालं म्हणायचं."

एका वर्षी ती राजकोषीय तूट सांगत होती. सरकारला करातून, केंद्राच्या वाट्यातून मिळकत होते. खर्च त्याहून जास्त असतो. मधलं अंतर कर्ज काढून भरतात. ते अंतर म्हणजे ही तूट.

"मंजी सरकारबी उचल घेतंय म्हना की," मागून एक बाई म्हणाली. ती आणि तिचा नवरा दर दसऱ्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ, घेऊन ऊस तोडायला जायचे.

"घेतंय की."

"मग त्याचा मुकादम कोन?"

"बँका, विमा कंपन्या. म्हणजे शेवटी आपणच. आपण ठेवलेला पैसा त्या सरकारला देतात."

"अगं बया! मंजी सरकार उचल घेऊन पळालं, तर धरून आनायचं काम आमचं?"

"तुज्या नवऱ्याला आन आधी धरून," दुसरी म्हणाली. "मॅडमनं फळा पुसला तवाच पळालाय टपरीवर."

खोली हसली. बायकोला एवढं हसू आलं की तिनं खडू खाली ठेवला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "पण उचल घेतली हे एक, आणि ती कशात घातली हे दुसरं. उचलीतून बैलजोडी घेतली तर पुढं बैल कमावून देतात. किराणा भरला तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तीच उचल. सरकारचंही तेच बघायचं. रस्ता, धरण काही उभं राहिलं, की पगारात आणि जुन्या कर्जाच्या व्याजातच सगळं गेलं."

"मग आमचं नि सरकारचं सारकंच की."

"नाही. मुकादम तुमचे हातपाय बघून पैसे देतो. सरकार म्हातारं होत नाही, मरत नाही. म्हणून जुनं फेडायला त्याला नवं कर्ज मिळत राहतं. माणसाचं तसं नसतं."

हे तिनं हात झटकत सहज म्हटलं होतं. मीही ते इतरांसारखंच ऐकून घेतलं.

मला स्वतःला एक गोष्ट कधी कळली नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत एकूण जमा आणि एकूण खर्च जवळपास जुळलेले असतात. जुळतात, मग तूट येते कुठून? घरी हे विचारलं की तिला गंमत वाटायची. "कविता वाचणाऱ्यांनी इतक्या खोलात जाऊ नये," म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची. तिचा आवाज चालू असेपर्यंत मला सगळं समजत असायचं. भांडी आवरेपर्यंत ते गेलेलं असायचं.

ती गेली त्या वर्षीचा रविवार सुतकात गेला. माणसं आली, पण आमच्या घरी, आणि अंगणात बसून गेली.

यंदा फेब्रुवारी संपत आला तशी एक मदतनीस बाई पुस्तक बदलायला आली. "सर, औंदा हाय ना?"

"मॅडम नाहीत आता."

"ते माहीत हाय मला. रविवार हाय का, ते इचारतेय."

बघू, म्हणालो. बायकोनं शिकवलेली मुलं पुण्याला, संभाजीनगरला गेली होती. गावात तिचं म्हणावं असं हे एवढंच उरलं होतं. या वर्षी खोली उघडली नाही, तर पुन्हा कोणी विचारायला येणार नव्हतं हे मला दिसत होतं. आणि जी गोष्ट मला येत नव्हती तीच सांगायची होती.

ज्या भाषणाच्या वेळी ती गेली, त्या अर्थसंकल्पाची पुस्तिका मी तोवर उघडली नव्हती. ती काढली. दुपारी वाचनालयात गर्दी नसते. रोज थोडी वाचायचो. पुष्कळ दिवस फक्त डोळे ओळींवरून फिरत राहिले. मग एका दुपारी भांडवली जमेच्या रकान्यात थांबलो. तिथं काढलेलं कर्जही जमेतच धरलेलं होतं. कर्ज मिळवलं म्हणून दोन्ही बाजू जुळत होत्या. मी पेन्सिलीनं तो आकडा खोडला आणि राहिलेली बेरीज केली. आता खर्च मोठा होता. जेवढा मोठा, तेवढी तूट.

मी मान वर केली. समोर निवृत्त तलाठी पेपर वाचत होते.

"कर्ज जमेत धरतात," मी म्हणालो. "म्हणून ते जुळतं."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मी उठून मागं पुस्तकांच्या कपाटांआड गेलो आणि तिथं बराच वेळ उभा राहिलो.

अर्थसंकल्प मांडला गेला. रविवारी मी खोली झाडून घेतली, सतरंजी घातली. नेहमीपेक्षा थोडी कमी, पण माणसं आली. माझा रुपया फळ्यावर वाकडा आला. मी हळू बोललो, दोनदा अडलो, पाणी प्यालो. जमा सांगितली, खर्च सांगितला, मग कर्जाची फोड पुसून दाखवली आणि जी जागा रिकामी झाली तिच्यावर बोट ठेवलं. कोणीतरी "हां हां" म्हणालं. मानधनाचा प्रश्न आला. तरतूद वाचून दाखवली.

निघताना मदतनीस बाई चपला घालत म्हणाली, "कळलं बरं का, सर. पर मॅडम हसवायच्या. तुमी न्हाई हसवलं."

"मला नाही जमत."

"असू द्या. फुडल्या साली बगू."

मी फळा पुसला, सतरंजीची घडी केली आणि खोलीला कुलूप लावलं.

रविवार चालू आहे. राजकोषीय तूट म्हणजे काय ते आता मला सांगता येतं. घरी मी एकटा असतो.