साळुबाई उठल्या, त्याची गोष्ट

निमगाव सावाच्या अश्विनीला आधी वाटलं, सासूबाई झोपाळू झाल्या. आता हे सांगताना ती स्वतःच हसते. अहो, जी बाई उठली की मग कोंबडा आरवायचा, तिला झोपाळू म्हणत होती पोरगी!

पण सासरे गेणूबाबा गेल्यापासून साळुबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. ऊन ओट्यावर आलं तरी उठायच्या नाहीत. सडा अश्विनीच टाकायची. दुखवट्याचं वर्ष, म्हणून रांगोळी नाही. ताटात दोन घास राहायचे. म्हातारी अशीच अंथरुणाला लागणार, या धास्तीनं अश्विनीचा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्यात ती पुण्याच्या नोकरीसाठी फोनवर स्पॅनिश शिकत होती. सकाळपासून काय काय केलंय ते बोलायचं, असा गृहपाठ. चुलीपुढं बसून घोकायची, "मे ए देस्पेर्तादो, मे ए लेवान्तादो."

"काय गं पुटपुटतीस? कुनावर करनी करतीस का?" अंथरुणातून आवाज आला.

अश्विनी दचकलीच. "आत्या! जाग्या हाय तुमी?"

"कवाची. रोजच असती."

"मग उठत का न्हाई?"

साळुबाईंनी गोधडी वर ओढली. "उठलं की पयला च्या त्यास्नी द्यायचे. आता पातेल्याला हातच लागत न्हाई."

अश्विनीनं आपला गृहपाठच सांगितला. "देस्पेर्तादो म्हंजी जाग आलीया. लेवान्तादो म्हंजी उठलीया."

"येगळंच असतंय ते," साळुबाई भिंतीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून अश्विनी आपला कप घेऊन त्यांच्या उशाशी बसू लागली. "आत्या?"

"देस्पेर्तादो."

एवढंच. तिनंही कधी पुढं रेटलं नाही.

आणि एका सकाळी तिनं दार उघडलं, तर अंगण ओलं, शेणाचा ताजा वास. चूल पेटलेली. साळुबाई उंबऱ्याशी बसलेल्या, डोळे लाल, पुढ्यात दोन कप. रडू येईल म्हणून अश्विनीनं भांडणच उकरून काढलं.

"तुमच्या आधी मी जागी व्हते, आत्या. पडल्या पडल्या सगळं ऐकत व्हते."

"व्हय? मग तू देस्पेर्तादो." साळुबाईंनी एक कप तिच्याकडं सरकवला. "लेवान्तादो कोन?"

"पर आधी जाग मलाच—"

"सडा कुनी टाकलाय, ते बोल."

अश्विनी गुमान च्या प्यायला बसली.