मावशींनी मान हलवली

मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींचा एकच कायदा होता: कामावर असताना कुणी खायचं नाही. चव घेणं मात्र खाण्यात धरायचं नाही. डावातलं थोडं तळहातावर घ्यायचं, जिभेला लावायचं आणि मान हलवायची. मावशींची मान हलल्याशिवाय पातेलं बाहेर जात नसे.

मावशींच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा सर्जनने त्यांना आणि त्यांच्या लेकीला नीट समजावलं. "गाठीचा भाग कापून दोन टोकं जोडायची. आत घाण राहिली तर जंतू पोटात पसरू शकतात. जोड उसवला तर जिवावर बेतेल. बिया, साली आजपासून बंद. आदल्या दिवशी नुसतं पाणी आणि गाळलेलं सरबत."

आदल्या दिवशीही मावशी दुपारपर्यंत कामावर होत्या. "मी नसले की मीठ कोण बघणार? तुझा सर्जन?"

"आई, खाल्लं नाहीस ना काही?"

"घासभरही नाही." त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

संध्याकाळी औषधाची पूड कालवलेलं पाणी त्यांनी नाक दाबून संपवलं. "हे मी वाढलं असतं तर पोरींनी ताट माझ्या डोक्यात घातलं असतं." मग संडासाच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी पाण्यासारखं नितळ व्हायला हवं होतं. झालं ते गढूळच, आणि त्यात टोमॅटोच्या बिया होत्या. मावशी वाकून बघत राहिल्या. दुपारचं पातेलं आठवलं. मीठ दोनदा कमी निघालं होतं, म्हणून चवही पुन्हा पुन्हा घ्यावी लागली होती.

"झालं का साफ?" लेकीने दाराबाहेरून विचारलं.

ऑपरेशन आधीच एकदा पुढे गेलं होतं. गाठ वाढायची थांबलेली नव्हती. मावशींनी बादलीभर पाणी ओतलं. "नळाच्या पाण्यासारखं."

सकाळी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलं. नर्सने विचारलं, "पोट पूर्ण साफ झालंय ना, मावशी?"

कच्चं राहिलेलं पातेलं पोरी रांगेत उभ्या असतानाही त्यांनी दर वेळी परत शेगडीवर चढवलं होतं. मावशींनी तोंड उघडलं. तेवढ्यात लेकीने त्यांचा हात दाबला. "आज सुटशील गं एकदाची."

मावशींनी लेकीकडे बघितलं, आणि मान हलवली.

नर्सने दार ढकललं.