ओ देणारा रेडिएटर आणि बाकीचे पार्ट

जुनी गाडी दुरुस्तीला घेतली की नटबोल्टांपेक्षा तिचे किस्सेच जास्त गोळा होतात. नटबोल्ट निदान डब्यात टाकून झाकण लावता येतं. किस्से कुठं ठेवणार? कुणी चहाला बसलं की सांडतातच!

साठच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे माझं आणि दादू कांबळेचं. मी इंजिनं खोलायचो. दादूचा हात डाग देण्यात तयार झालेला, तोही मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये. गळकं भांडं असो की गळका रेडिएटर, दादूनं डाग दिला की विषय संपला.

एके दिवशी कॅप्टन साबळे आले. नुकतीच फौज सोडलेले, आवाज मात्र अजून परेडवरचाच.

"कडेगावला एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये इंग्लिश स्पोर्ट्स कार पडलीय. टू-सीटर! घेतोय मी. पण पार्ट ओरिजिनल पाहिजेत. जुगाड चालणार नाही!"

आम्ही तिघं गेलो. उसाच्या फडामागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती हिरवी गाडी. पंप नाही, फॅन नाही, समोर कुठल्याशा लॉरीचा रेडिएटर तारेनं आवळून बसवलेला. आम्ही बघत होतो तोवर शेतकरी कळशी घेऊन आला आणि त्यानं ती सरळ रेडिएटरमध्ये ओतली.

"चालू हाय व्हय गाडी?" दादूनं विचारलं.

"न्हाई वो. माझ्या जन्माच्या आदीपासनं बंदच हाय. पर आमचा बा सांगून गेलाय, रोज एक कळशी घालीत जा. घालतो."

मी खाली वाकून बघितलं. गाडीखाली ओलीचा टिपूस नाही. धूळ आणि कोळ्याची जाळी!

"अहो, मग पाणी जातं कुठं?"

तो कळशी पालथी घालत म्हणाला, "पेती की!"

*

वॉटर पंपासाठी आम्ही सगळीकडं हिंडलो. परदेशातून पार्ट मागवायचा तर परमिट पाहिजे, आणि परमिट येईपर्यंत आमचीच बॉडी गंजली असती! शेवटी कुणीतरी सांगलीतला एक भंगारवाला सुचवला. नदीकडच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं.

भर एप्रिल. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आम्ही दुकानात शिरलो. मी तोंड उघडायच्या आत म्हातारा उठला, आत गेला आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. सोडलं तर आतमध्ये पंप! तोच! कास्टिंगवरचा नंबरसुद्धा तोच!

"तुम्हाला कसं कळलं, आम्हाला हेच पाहिजे ते?"

"काल तुमचे सायेब सांगून गेले न्हवं! 'उद्या आमची मानसं येतील, त्यांच्याकडं द्या' म्हनले."

कॅप्टन पुढं झाले. "साहेब म्हणजे मीच. मी काल साताऱ्यात होतो."

म्हाताऱ्यानं त्यांना खालीवर न्याहाळलं. "न्हाई, तुमी न्हवं. त्ये उंच हुते. चामड्याची टोपी, डोळ्याला मोठा चस्मा. आनि आंगावरनं पानी निथळत हुतं बगा. म्हनलं, बसा, पाऊस थांबूद्या."

आम्ही तिघांनी एकदम बाहेर बघितलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता!

म्हातारा फरशीकडं बोट दाखवत म्हणाला, "हितं हुबं हुते." फरशीवर दोन पावलांएवढी जागा ओली होती. एप्रिलच्या त्या उन्हात, दुसऱ्या दिवशी!

*

फॅन मिळाला महाबळेश्वरला. एका हॉटेलच्या माळ्यावर पडलेला होता, आणि मॅनेजरनं तो फारच खुशीत देऊन टाकला. इतक्या खुशीत की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गाडीचं काम पुरं होईतोवर तो फॅन आम्ही गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला. दुपारी जेवायला बसलो तर तो फिरायला लागला. हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखा.

"वारा असंल," दादू म्हणाला.

दार लावलं, खिडकी लावली. फॅन फिरतोच आहे! मग मात्र दादूला राग आला. त्यानं जाड तार घेतली, फॅन खिळ्याला करकचून आवळला आणि मिलिटरी आवाजात दम भरला, "गाडीवर चढल्याबिगर फिरायचं न्हाई! ऑर्डर हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं. फॅन जागेवर, अगदी गप. तार मात्र खाली बाकावर होती. तुटलेली नव्हती, सोडवलेली होती, आणि तिची सुबक गोल वेटोळी घालून ठेवलेली!

दादूनं ती उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाला, "वेटोळं तर फौजी हाय."

*

ओरिजिनल रेडिएटर सापडला सांगलीच्या पलीकडच्या एका गावात. पिठाच्या गिरणीच्या इंजिनाला कुणीतरी तो जोडला होता. गिरणी चालवणारे शामराव वारले होते आणि आता त्यांची बायको गिरणी बघत होती. आम्ही बदल्यात नवा रेडिएटर देऊ केला, तर बाईनं लगेच होकार दिला.

निघताना मात्र तिनं पदर सावरत हळूच सांगितलं, "एक करा दादा. त्याच्याम्होरं आमच्या मालकांचं नाव घिऊन कुनाला हाक मारू नका."

"का बरं?"

"ओ देतंय त्ये."

वाटेत दादू पोट धरून हसत होता. "आवं, आमी दीक्षा घेतली तवाच भुतं सोडली! ह्या बाईला सांगा कुनीतरी!"

रेडिएटर आणून बाकावर ठेवला. दोनेक आठवडे काही झालं नाही. मग एके दिवशी आमचं एक गिऱ्हाईक, मेढ्याचे टेम्पोवाले, बाहेर बिडी ओढत बसलं होतं. त्यांचं काम झालं तसं दादूनं आतूनच हाक मारली, "ओ शामराव!"

दोघांनी ओ दिली.

*

राहता राहिला थर्मोस्टॅट. म्हणजे पितळेची छोटी डबी. पाणी तापलं की तिची झडप उघडते, निवलं की मिटते. एवढंच तिचं काम. एसटीतला एक ओळखीचा कंडक्टर म्हणाला, "अगदी अशीच वस्तू मी जत भागात बघितलीय. एका धनगराच्या घरी. देवाजवळ!"

गेलो. म्हातारा धनगर अंगणात घोंगडीवर बसला होता. डबी त्यानं दाखवली, पण हातात द्यायला तयार होईना.

कॅप्टन म्हणाले, "बाबा, हा गाडीचा पार्ट आहे. गरम पाण्यात टाकला की उघडतो."

म्हातारा म्हणाला, "गरम पान्यात कशाला टाकायचा? आमच्याकडं पोर जन्माला यायच्या येळंला उघडतोय. माझ्या लेकाच्या येळंला उघडला. लेकीच्या येळंला उघडला. सकाळधरनं सून अडलीया आत. सुईन बी घाबरलीया. म्हनून तर ह्यो हातात धरून बसलोय. पर उघडंना झालाय आज."

आतून कण्हण्याचा आवाज येत होता. आमचे चेहरे उतरले. अशा घरी पार्ट मागायचा कसा? आम्ही उठलो. कॅप्टन म्हणाले, "बाबा, जीप आहे आमची. सुनेला दवाखान्यात घेऊन जाऊ. चला."

"थांबा जरा," म्हातारा म्हणाला आणि पहिल्यांदाच त्यानं ती डबी कॅप्टनच्या तळहातावर ठेवली. "तुमी धरून बगा."

डबी गार होती. मीही बोट लावून बघितलं. आणि तिची झडप हळूच उघडली! कुणी डोळा उघडावा तशी!

त्याच क्षणी आत पोर रडलं.

म्हाताऱ्यानं घोंगडीवरच डोकं टेकलं. मग वर बघून म्हणाला, "घिऊन जावा आता. घरातलं श्येवटचं पोर हाय ह्ये. आमचं काम झालं त्याच्याकडचं."

*

सगळे पार्ट बसले. दिवाळी उलटल्यावर एका स्वच्छ सकाळी कॅप्टन आणि त्यांच्या पत्नी मालतीवहिनी त्या गाडीतून महाबळेश्वरला निघाले. मागून जीपमध्ये मी आणि दादू, पाण्याचे डबे भरून. इतकी जुनी गाडी घाटात तापणार याची आम्हाला खात्रीच होती.

निघण्याआधी वहिनींनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. चीनच्या लढाईत कॅप्टन बर्फात अडकले होते. जीव वाचला, पण पाय गार पडले ते कायमचे. मे महिन्यातसुद्धा लोकरीचे मोजे. वहिनी रोज विटा तापवून शेकायच्या, तरी उपयोग शून्य. वहिनी म्हणाल्या, "तरुणपणी कुणीतरी ह्यांना अशा गाडीतून फिरवलं होतं. इंजिनाची धग थेट पायांशी येते म्हणे. एवढ्यासाठी चाललंय हे सगळं, भावजी. कुणाला सांगू नका."

मेढा मागं पडला. घाट सुरू झाला. वळणामागून वळणं गेली, पण गाडी थांबेना. आमचे डबे तसेच! अगदी माथ्यावर पोचल्यावर कॅप्टननी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. दादू डबा घेऊन धावला आणि बोनेटला हात लावून थबकला.

"इकडं या जरा."

बोनेट उघडलं. इंजिन व्यवस्थित चालू, आणि अंगठा टेकवला तर बर्फासारखं गार! रेडिएटरवर दवाचे थेंब जमलेले. सबंध घाट चढून आलेलं इंजिन, आणि त्यात ऊब म्हणून नाही!

ज्या धगीसाठी या माणसानं गावोगाव पायपीट केली, तीच नव्हती. आता त्यांना सांगायचं कसं?

कॅप्टन मात्र आमच्याकडं बघतच नव्हते. ते दार उघडून, पाय बाहेर सोडून बसले होते आणि एकटक बुटांकडं बघत होते.

"मालती, बूट काढ गं जरा."

आजवर त्यांनी चारचौघांत कधी बूट काढले नव्हते. वहिनी गवतात बसल्या. नाडी सोडली, बूट काढला, मोजा ओढला. बर्फानं बोटं झडलेला तो पाय रोजच्या सवयीनं दोन्ही हातांत धरला, आणि त्या किंचाळल्या.

"अगं बाई! भाजलं!"

त्यांचे दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

कॅप्टन हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादूनं आवाज न करता बोनेट मिटलं आणि विचारलं, "सायेब, इंजिन बंद करू?"

कॅप्टन म्हणाले, "नको रे. राहू दे चालू."