एकफोटो भाऊ आणि सायकलींची शर्यत

आमच्या मूल गावात फोटो काढणारे आणखीही होते, पण एका क्षणाचा एकच फोटो काढणारे फक्त भाऊ. लग्नात हार गळ्यात पडताना ते एकदाच बटण दाबत आणि कॅमेरा खाली घेत. नवरीची मावशी हमखास म्हणायची, "भाऊ, आणखी एक काढा ना, डोळे मिटले असले तर?" भाऊ तिच्याकडे असे बघायचे, जणू तिनं त्यांच्या घरच्या भाजीला नावं ठेवली. "दुसरा कायले? पहिला खराब निघाला काय?" आणि पहिला खरंच कधी खराब निघत नसे. सारं गाव त्यांना एकफोटो भाऊच म्हणायचं, आणि त्यांनाही ते आवडायचं.

बी.ए. होऊन मी घरी बसले होते. आईच्या टोमण्यांना कंटाळून त्यांच्या स्टुडिओत अल्बम लावायच्या कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एक पाहुणे आले. भाच्याच्या लग्नातल्या फोटोत त्यांनी जबडा फाडून जांभई दिली होती, तेवढा फोटो काढून टाका म्हणाले. भाऊंनी शांतपणे विचारलं, "जांभई तुमीच देल्ली ना? मंग राहू द्या." पाहुणे रागावून गेले. मी हसत होते, तर भाऊ मला म्हणाले, "शोभा, निघालेला फोटो मारायचा नाई. आपल्या धंद्यात दुसरं पाप नाई."

मग एका हिवाळ्यात भाऊ नागपूरला गेले आणि डिजिटल कॅमेरा घेऊन आले. गावातला पहिलाच. काय ते दिवस होते! डबा उघडायला आम्ही दुकानाचं अर्धं शटर ओढलं. सोबतच्या पुस्तकात मराठी सोडून जगातल्या बहुतेक भाषा होत्या, त्यामुळे मी इंग्रजी वाचायचं आणि भाऊंनी बटणं दाबायची असं ठरलं. पहिला फोटो माझाच काढला. तो मागच्या पडद्यावर लगेच दिसला, तेव्हा पन्नाशीच्या पुढचा तो माणूस खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "बाप्पा! धुतल्याबिगर फोटो?" दुपारपर्यंत समोरच्या चहावाल्यापासून बसस्टँडवरच्या कंट्रोलरपर्यंत सगळे येऊन आपापलं तोंड बघून गेले.

पण त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबल्यावर तो जरा थांबून फोटो घ्यायचा. उभ्या माणसाचं ठीक होतं. भाऊंनी रस्त्यावरून जाणारी जीप टिपायला बटण दाबलं, तर आला नुसता रस्ता. कुत्रा टिपला, तर शेपूट आलं. तीस वर्षं नेमक्या क्षणी दाबणाऱ्या बोटाची पार फजिती झाली. मला वाईट वाटत होतं, आणि हसूही आवरत नव्हतं. भाऊ मात्र हट्टाला पेटले. "शर्यतीत याले वठणीवर आणतो," म्हणाले.

ही शर्यत म्हणजे धान घरात आल्यावर गावातले हौशी लोक घेत ती सायकलींची. चंद्रपूर रस्त्यानं जंगलातल्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. साध्याच सायकली, फक्त कॅरिअर, घंटी, मडगार्ड काढून हलक्या केलेल्या. त्या वर्षी पहिल्या नंबराला गिअरची सायकल होती आणि जिल्ह्याच्या संघात निवड. माझा धाकटा भाऊ सुधाकर दोन महिने पहाटे उठून सराव करत होता. राईस मिलमध्ये दिवसभर पोती उचलून तो संध्याकाळी परत सायकल काढायचा. घरात त्या बक्षिसाशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याच्या तोडीचा एकच गडी होता, गणपत. गणपत तलावावरच्या मासोळ्या सायकलला बांधून गावोगाव विकायचा. त्याचा सराव बारा महिने आपोआप व्हायचा.

शर्यतीच्या दिवशी मी लुना चालवली आणि भाऊ मागे उलटे बसले, तोंड सायकलवाल्यांकडे, कॅमेरा डोळ्याला. असा पाठीला पाठ लावून धंदा कुणी केला नसेल. "हळू! आता भगाव! अवं, खड्डा काऊन घेतला?" हे सगळं मागून ऐकत मी गाडी हाकत होते. दोन्ही बाजूंना साग, मधून ती चाळीस सायकलींची झुंड, साखळ्यांचा खडखडाट, कुणी तोंडानं शिट्ट्या मारतोय. चढावर लुनानं दम टाकला, तर भाऊ उडी मारून उतरले आणि धावत धावत फोटो काढू लागले. धोतर असतं तर सुटलंच असतं, नशीब पँट होती.

सुरुवातीला पुन्हा तेच. रिकामा रस्ता, अर्धं चाक, कुणाची नुसती पाठ. पण नाक्यावर वळताना भाऊ ओरडले, "जमलं!" मी लुना थांबवून पाहिलं. वळणावर कललेला सुधाकर, कपाळावरचा घाम, मागे गणपत, चाकाखालून उडालेली धूळ, सगळं जागच्या जागी. "आपून पयले दाबाचं, अन् तो पोचला का फोटो निघते," ते लहान मुलासारखे सांगत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की बस्स.

परत आलो आणि राईस मिलसमोर चुन्याच्या रेघेपाशी भाऊ गुडघा टेकून बसले. सुधाकर आणि गणपत खांद्याला खांदा लावून आले. गर्दीनं एकच गलका केला. पंच गुरुजी धुळीनं भरलेले डोळे चोळत म्हणाले, "मला काही नीट दिसलं नाही बुवा." कुणी सुधाकर म्हणे, कुणी गणपत.

भाऊंनी पडदा बघितला आणि मला दाखवला. एकच फोटो, आणि तोही बरोब्बर रेघेवरचा. गणपतचं चाक पुढे होतं. "गुरुजीले बलावून आणतो, धर," म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ते गुरुजींच्या मागे बक्षिसांच्या मांडवाकडे गेले.

मी सुधाकरकडे पाहिलं. तो सायकलवर वाकून धापा टाकत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. कचरापेटीचं चित्र असलेलं बटण कोणतं, हे भाऊंना मीच वाचून दाखवलं होतं. मी ते दाबलं. येस की नो विचारलं, तेव्हा येस दाबलं.

गुरुजी आले. पडद्यावर नाक्याचा फोटो होता. भाऊंनी पुढे-मागे करून पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. ते गुरुजींना म्हणाले, "माह्याच हातून चुकीचं बटण दबलं, गुरुजी. फोटो पुसला. पण म्या पाह्यला होता. गणपत पुढं होता." गुरुजींनी एवढंच विचारलं, "नक्की ना?" भाऊ म्हणाले, "नक्की." सायकल गणपतला मिळाली. फोटो नसताना नुसत्या भाऊंच्या शब्दावर, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मात्र गावानं त्यांची टिंगल काही सोडली नाही. एकफोटो भाऊ, अन् तोही पुसला! पुढे कितीतरी लग्नांत लोक म्हणायचे, "भाऊ, पुसू नका हो." ते हसून घ्यायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शर्यतीनंतर दोन दिवस मी तोंड लपवून घरीच बसले. तिसऱ्या दिवशी भाऊच दारात आले. ब्रह्मपुरीला लग्न होतं. त्यांनी नवा कॅमेरा माझ्यापुढे धरला. "घे, आज तू काढ." मी म्हटलं, "मी? मला कसं देता?" तर म्हणाले, "कोणतं बटण दाबाचं नाई, हे तुह्याएवढं कोणाले मालूम नाई." त्या विषयावर ते एवढंच बोलले, तेव्हाही आणि नंतरही.

आता स्टुडिओ मी चालवते. भाऊ गेले, त्यांच्या शोकसभेला गाव लोटलं. एकानं बोलता बोलता तोच किस्सा काढला, शर्यतीचा फोटो पुसल्याचा, आणि सगळे प्रेमानं हसले. मला ते हसू सहन झालं नाही. मी उठले आणि म्हटलं, तो फोटो भाऊंनी पुसला नव्हता, मी पुसला होता, माझा भाऊ हरला होता म्हणून. पुढच्याच रांगेत सुधाकर बसला होता. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "ताई, फोटोत किती फरक होता?"

मी हात पुढे करून दाखवलं, चार बोटं.

"बस, एवढाच?" सुधाकर म्हणाला. "मले त सायकलवरून गणपत हातभर पुढं दिसला होता."