जो पुढे जाईल त्याच्यासाठी

आमच्या गावात माणूस गेला असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरी ते पुरत नसे. माझे मामा त्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून, खिशातली रोजरीची माळ चाचपत आत शिरेपर्यंत तो खरोखर गेला असं कुणी धरत नसे. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. केळीची वाडी, सातवीपर्यंत शाळा, आणि आवाज असा की मागच्या अंगणात उभ्या असलेल्यांनाही प्रार्थनेतला शब्दन्‌शब्द ऐकू यावा. राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंत मयताच्या घरी प्रार्थना घ्यायला त्यांच्यासारखा माणूस दुसरा झाला नाही. लग्नाच्या मांडवात ते कोपऱ्यात बसून पायाला डास चावतात म्हणून कुरकुरत; मयताच्या घरी मात्र त्यांना तरतरी येई. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी गेल्याचं आलं तर ते मानत नसत. "देवळाची घंटा वाजू दे," म्हणत. "मोबाइलवर काय, जिता मानूसपन मरतो."

स्वतःच्या मरणाचीही त्यांनी चोख तयारी ठेवली होती. लग्नातला निळा कोट शवपेटीत घालायचा म्हणून डांबराच्या गोळ्या घालून कपाटात टांगलेला असे. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरांनी कपाळावर राख लावून 'माणसा, तू माती आहेस' याची आठवण दिली की मामा घरी येऊन तो कोट अंगात घालून बघत. बटण लागलं नाही तर पुढचे चाळीस दिवस भात निम्मा. मामी मला म्हणायची, "प्रभू चाळीस दिवस उपाशी रायला तो आपल्यासाठी. आमचे हे रायतात ते बटनासाठी."

पण लोक त्यांना भीत ते एका प्रार्थनेमुळे. आमच्याकडे मयताच्या घरी रोजरी संपत आली की शेवटी एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मारिया' म्हणतात, इथं जमलेल्यांपैकी जो पुढे जाईल त्याच्यासाठी. म्हणजे पुढचा नंबर ज्याचा, त्याच्यासाठी आधीच. बाकीचे लोक ही प्रार्थना भरभर उरकून टाकतात. मामा तिच्याआधी थांबत, चष्मा पुसत आणि सावकाश सगळ्या घरावरून नजर फिरवत. त्या वेळी धडधाकट माणसं खांबाच्या आड सरकत, बायका पदर सारखा करत. एकदा ती नजर एका केळीच्या व्यापाऱ्यावर जरा जास्त रेंगाळली. त्याने दुसऱ्या दिवशी विरारला जाऊन डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्याला काही निघालं नाही, आणि आठवड्याने गेली ती त्याची सासू, जी त्या दिवशी तिथे आलीच नव्हती. तो मामांना जाब विचारायला आला तर मामा शांतपणे म्हणाले, "मी जमलेल्यांसाठी प्रार्थना केली. ती जमली नाय, यात माझा काय दोष?"

नव्या फादरांनी त्यांना सुचवून पाहिलं की ही प्रार्थना गाळली तरी चालेल, लोक घाबरतात, घराघरात बीपीचे पेशंट आहेत. मामा हात जोडून म्हणाले, "फादर, कुनाच्या पोरीचं लग्न जमू दे म्हून मागतो, जमत नाय. विहिरीला गोडं पानी राहू दे म्हून मागतो, खारट होते. ही एकच प्रार्थना हाय जी आजपातूर कधी फुकट गेली नाय. ती कशाला बंद करायची?" फादर सेमिनरीत बरीच वर्षं ईश्वरज्ञान शिकून आले होते, पण त्यांनी विषय विहिरीच्या पाण्यावर नेला.

मग मामीचं दुखणं निघालं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मी शिकवते त्या शाळेतून अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार तर काही महिने. मी ते दोघांना सांगितलं. लपवता आलं असतं, पण मामीने माझ्याकडे असं बघितलं की खोटं बोलायचं धैर्य झालं नाही. घरी आलो तर शेजारची म्हातारी गेल्याची घंटा वाजत होती.

मामी हट्टाने त्या घरी प्रार्थनेला आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली. मामांनी रोजरी घेतली, मारियेच्या नावांची लांबलचक लितानी घेतली. मग चष्मा पुसला, नजर उचलली, ती दारापर्यंत गेली आणि तिथेच अडकली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि क्रुसाची खूण करून टाकली. लोक गुडघ्यांवर तसेच राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीने कुणाला उठता येईना.

"एक रायली," मामी म्हणाली.

"झाल्या सगळ्या."

"त्या पुढच्याची रायली." मामा पुस्तक खिशात घालायला लागले, तेव्हा तिनेच सुरू केली. आवाज तिचा बारीक होता, पण मध्ये कुठे कापला नाही. सगळ्या घराने तिला साथ दिली, फक्त मामांचे ओठ मिटलेले होते.

घरी जाताना बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेने तिघं चालत होतो. मामा म्हणाले, "तुला एवढी काय घाई झालती?" मामी थांबली. "लोकांच्या बायकांसाठी इतकी वर्षं चालली ती प्रार्थना," ती म्हणाली, "माझ्यासाठी का चालत नाय?" त्या दिवसानंतर मामांनी कुणाच्या घरी प्रार्थना घेतली नाही, आणि मी शिक्षिका म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मामी नाताळच्या आधीच्या आठवड्यात गेली. गल्लीतल्या लोकांनी दाराला टांगलेले नाताळचे तारे त्या संध्याकाळी पेटवले नाहीत. पेटीजवळ उभी राहून मी रोजरी घेत होते आणि मामा माझ्यासमोर, पहिल्या ओळीत, गुडघे टेकून. अंगात तो निळा कोट. बटण सहज लागलं होतं, कोट खांद्यावरून ओघळत होता. शेवटची प्रार्थना आली तशी बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मामांनी मात्र मान वर केली, चष्मा काढला आणि चेहरा माझ्यासमोर धरला, मुलं खाऊसाठी हात पुढे करतात तसा. मला कळलं. मी मामीच्या हातात गुंडाळलेल्या माळेकडे बघत प्रार्थना पुरी केली.

दफन झाल्यावर सिमेटरीच्या फाटकाशी ते म्हणाले, "बाय, तू माझ्याकडं बघितलं नाय."

"मी पुस्तकात बघत होते, मामा."

"पाठ हाय तुला," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

अजूनही ते प्रत्येक मयताला येतात. कोट तोच, जागा तीच, माझ्यासमोर. ती प्रार्थना आली की चष्मा काढतात. मी त्यांचं कुठलंही म्हणणं मोडत नाही. रविवारी त्यांच्यासाठी रस्सा नेते, मामीच्या थडग्यावर मोगरा ठेवायला त्यांच्याबरोबर जाते. एवढं एकच मागणं मला पुरवता येत नाही. ही प्रार्थना कधी फुकट जात नाही हे मला त्यांनीच शिकवलं आहे, आणि मला त्यांच्याशिवाय या गावात दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून ती म्हणताना मी डोळे मिटून घेते.