विश्वंभर पंड्यांचा अर्ज

हरिद्वारच्या घाटावर तीर्थपुरोहित विश्वंभर सिखौलांची गादी सहा पिढ्यांची. आलेल्या माणसाला ते आधी नाव विचारत नाहीत. गाव विचारतात, जात विचारतात, आणि वंशावळीची वही मांडीवर ओढून त्याच्या खापरपणजोबाची सही त्याच्यापुढे धरतात. भलेभले तिथं रडलेत. जो वहीत सापडला तो यजमान, आणि यजमानापाशी काही राखून ठेवायचं नाही, ही पंड्यांची रीत. या रीतीनंच त्यांचा घात केला.

मुंबईचा एक सिनेमावाला आला. पोरगेलासा, कानात बाळी. विश्वंभरजींनी सवयीनं गाव विचारलं, तर पोराचे पणजोबा निघाले वहीत! झालं, तो घरचाच. जवळच ज्वालापूरला आपल्या घरी नेऊन त्याला पुरी-भाजी वाढली आणि गप्पांच्या भरात छज्जूरामकाकांचा किस्सा सांगून टाकला. काकांची एक वही उंदरांनी खाल्ली होती. यजमान दारात उभा. काकांनी कोरं पान उघडलं आणि पाच पूर्वज जागच्या जागी जन्माला घातले. यजमान ढसाढसा रडला! हा किस्सा सांगून पंडे पोट धरधरून हसतात. पण आपसांत.

सिनेमा आला आणि तोच प्रसंग गाजला. पडद्यावरचा पंडा ढेकर देत पूर्वज बनवतो आणि यजमानाची अंगठी लांबवतो. अंगठी किश्श्यात नव्हती, ती पोरानं पदरची घातली. आता यात्रेकरू गादीपुढं येऊन विचारू लागले, "पंडितजी, पूर्वज ताजे आहेत की कालचे?"

विश्वंभरजींच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी परतून ते तडक शेजारी गेले. शफीकमियाँ अंगणात कावडींसाठी बांबू तासत होते. श्रावणातल्या कावडयात्रेच्या निम्म्या कावडी त्यांच्याच गल्लीत बनतात.

"पाहिलंत ना? सिनेमात मौलवी देवमाणूस, पाद्री देवमाणूस, आणि लुच्चा कोण? पंडा! तुमच्यावर असं काढायची छाती आहे का कुणाची?"

"पंडितजी, त्या मौलवीला वाक्यं किती होती?"

"मी काय मोजत बसलो होतो?"

"दोन. एका लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. त्या सिनेमावाल्याच्या आधीच्या सिनेमात आमच्या हातात बॉम्ब होता. तुमच्यावर हसतात, म्हणजे तुम्हाला माणसांत तरी धरतात."

"मग मी काय आनंद मानू?"

"नका मानू. मी तरी कुठं मानतोय?"

हे ऐकून राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला, कारण आता तो नेमका कुणावर काढायचा तेच कळेना.

घरी मुलगा तुषार धुमसत होता. नोकरी सोडून दसऱ्यापासून गादीवर बसायचं त्यानं कबूल केलं होतं. आता त्यानं साफ सांगितलं, "या चेष्टेचा निकाल लागल्याशिवाय मी त्या गादीवर बसायचा नाही. माझे मित्र मला 'कोरं पान' म्हणतात." विश्वंभरजींच्या मागं गादी सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंच सेन्सॉर बोर्डासाठी अर्ज लिहिला आणि पंड्यांच्या सभेत मोठ्यानं वाचला. 'सदर प्रसंग आमच्या परंपरेत कधीही घडलेला नाही. तो धर्मद्वेषातून रचलेला आहे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली सही विश्वंभरजींची ठरली.

त्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं.

"करा ना पिताजी."

"अंगठीचं खोटं आहे, तेवढं लिही. बाकी घडलंय ते."

"कुठं?"

"आपल्याच गादीवर. छज्जूरामकाकांनी केलं."

सभेत कुणी वर बघेना. किस्सा सगळ्यांनाच ठाऊक होता, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही.

"आणि त्या सिनेमावाल्याला कुणी सांगितलं?" तुषारनं विचारलं.

"मी. पुरी वाढताना."

तुषारचा चेहरा उतरला. विश्वंभरजींना भडभडून आलं. लाज होती, पण संतापही तसूभर कमी झाला नव्हता. त्यांनी अर्ज मुलाकडं सरकवला.

"खोट्यावर सही मी जन्मात केली नाही. पण फाडू नकोस. दुसरा लिही. लिही की हे खरं आहे. पण उंदीर काय एकट्या आमच्याच घरात झाले होते? मग हसायला आम्हीच का?"

तुषारनं कागदाची कोरी बाजू वर केली.

"पिताजी," तो म्हणाला, "असा अर्ज घेणारं बोर्ड कुठं आहे?"